बाटलीवरची चिठ्ठी

काठी टेकत बाई ओढ्यावर पोचल्या, तेव्हा कोळशाच्या खाणीचा तपासनीस पाण्यात बाटली बुडवत होता. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. त्या बाटलीच्या अहवालावर खालच्या वस्तीला नळाचं पाणी मिळणार की नाही, ते ठरणार होतं. “अरे, इथे कुठे भरतोस? खाणीचं पाणी पुढच्या वळणावर मिसळतं. तिथले दगडसुद्धा तांबडे झालेत.” “बाई, तुम्हीच शिकवलंत ना, सहलीला गेल्यावर पाणी वरच्या अंगाला भरावं?” “ते प्यायचं पाणी, गाढवा! हे तपासायचं.” तो हसला, गृहपाठ विसरल्यावर हसायचा तसाच. “मलाही पोरंबाळं आहेत, बाई,” एवढंच म्हणाला. “त्या वस्तीतही आहेत, बाळा.” त्यानं तिथेच भरलेल्या बाटलीला बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली आणि सावकाश लिहिलं, ‘खाणीखालच्या वळणावरचं पाणी’. अक्षर मोत्यासारखं होतं. ‘ख’चे पाय जुळवायला बाईंनीच त्याचा हात धरून महिनाभर गिरवून घेतलं होतं.