पाठ टेकली तेव्हा

“चीत!” वस्तादांनी मांडीवर थाप मारली. तालमीतल्या टीव्हीवर, जाळीच्या पिंजऱ्यात, त्यांच्या लेकानं परदेशी गड्याची पाठ जमिनीला टेकवली होती. पोरांनी हलगी कडकडवली.

पाठ टेकली की गड्याला सोडायचं, हात देऊन उठवायचं, हे वस्तादांनी लेकाच्या अंगात मुरवलं होतं. या नव्या खेळात लढत तिथं संपत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी सवयीनं तो उठला आणि त्यानं हात पुढं केला.

खालच्यानं पडल्या पडल्या जबड्यावर लाथ हाणली. लेक कोसळला आणि हललाच नाही. हलगी थांबली.

टीव्हीवाले तेच पुन्हा पुन्हा सावकाश दाखवू लागले. दर वेळी लेक हात पुढं करायचा आणि दर वेळी वस्ताद पडद्याला विनवायचे, “सोडू नको त्याला, बाळा.”