होणाऱ्या जावयाची चाकं

जपानातल्या निईगाताच्या रस्त्यांवर हिवाळाभर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्या खारट पाण्याने, चाकं जरा बाहेर दिसावीत म्हणून चाकामागच्या लोखंडी हबवर बसवलेले अ‍ॅल्युमिनियमचे जाड चकतीसारखे अ‍ॅडॅप्टर असे गंजून चिकटतात, की घणाला दाद देत नाहीत. म्हणूनच मिहोकोला मागणी घालायला आलेल्या शुन्पेईला चहाही न विचारता तिच्या वडिलांनी, तेत्सुजींनी, त्याची गाडी जॅकवर चढवली.

"जो लोखंड जपत नाही, तो माझी लेक काय जपणार?"

"अहो, पोराला घाम फुटलाय बघा!" फुसाए म्हणाली.

चाक उतरलं. अ‍ॅडॅप्टर नुसत्या हाताने सुटून आला. मागे गंजाचा ठिपका नाही, फक्त ग्रीसचा पातळ, एकसारखा थर. तेत्सुजींनी गॅरेज दणाणून सोडलं, "अगं, साकेची बाटली काढ! जावई मिळाला!"

फुसाए स्वयंपाकघरात आली, तर मिहोको दोन्ही हात पाठीमागे लपवून उभी.



"आधी तांदळाच्या कोंड्याने नखं घास," फुसाए हळूच म्हणाली. "माझ्या वडिलांनी तुझ्या बाबांची चाकं उतरवली, त्या दिवशी माझीही अशीच काळी होती."