आठनंतरची पिशवी

"आम्हाला विचारल्याशिवाय आमच्यासाठी काही करू नकोस हं," असं शेजारच्या इंदिराकाकूंनी बजावलं, तेव्हा मृदुलानं ते हसण्यावारी नेलं होतं. सयाजीगंजातल्या त्यांच्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या उशाशी तिनं इमर्जन्सी बेल बसवून घेतली. महिन्याभरात काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि दोन तास तशाच पडून राहिल्या. बेल उशाशीच होती.

मृदुला वही घेऊन त्यांच्या पलंगाशी येऊन बसली. "काकू, आता तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. ठरल्याशिवाय मी उठणार नाही."

"त्यात लिहायचंय काय, बाई? सकाळी आठनंतरही ज्याच्या दारावर दुधाची पिशवी लटकलेली दिसेल, त्याचं दार ठोकायचं आणि केम छो विचारायचं."

तसंच ठरलं. पण पहिली पिशवी लटकत राहिली ती मृदुलाच्याच दारावर. आत ती तापानं फणफणलेल्या लेकीला, अवंतीला, मांडीवर घेऊन एकटीच रडत बसली होती. दार वाजलं. काठी टेकत काकू उभ्या होत्या. "केम छो, पोरी?"

आता मृदुला भेटेल त्याला विचारते, तुम्हालाही विचारतेय: आठ वाजून गेलेत, शेजारचं दार एकदा बघून येता का?