केसाएवढा कठडा

बाबांनी तीस वर्षं जे इंजिन चालवलं, त्याचंच वीतभर मॉडेल मुलानं मागवलं. खोक्यातून काढल्या काढल्या त्यानं भिंग लावून रिव्हेट मोजले. एक कमी भरला, म्हणून कंपनीकडे तक्रारही ठोकून दिली.

मग त्यानं बाबांना हाक मारली. "बघा बाबा, तुमचं इंजिन. पायऱ्या, कठडे, सगळं हुबेहूब."

बाबांनी ते हातात घेतलं आणि चाकांपासून धुराड्यापर्यंत हळूहळू बोटं फिरवली. "हो रे, तेच आहे," ते म्हणाले, आणि तेवढ्यात बोटाखालचा केसाएवढा कठडा कट्‌कन मोडला.

"अहो बाबा, हे काय पूर्वीचं पत्र्याचं खेळणं आहे, आपटलं तरी टिकायला? जितकं बारीक काम, तितकं नाजूक. प्रत्येक गोष्ट हातानंच कशाला बघायला हवी?"

"चुकलं माझं," बाबा म्हणाले.

***

त्याच आठवड्यात ते जिन्यात पडले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचे डोळे तपासून मुलाला विचारलं, "यांना वर्षभर तरी जवळजवळ काहीच दिसत नसणार. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"