मागे धरलेला हात

मसाला कंपनीच्या अकोला शाखेत सारिका आली, तेव्हा भट्ट्यांवर मसाला परतणं चालू होतं. कोल्हापूर शाखेत राबलेल्या तिच्या आईचं कसब, ती वारण्याआधी यंत्रानं उतरवून, इथल्या कामगारांच्या डोक्यात भरलं होतं.

"चव अगदी तीच आलीय," मॅनेजर डांगे म्हणाले. "फक्त एक खोडही आली. चिमूटभर मसाला घेऊन सगळे हात मागे धरतात. का, ते त्यांनाच कळत नाही. तुमची हरकत नसेल, तर तेवढं पुसून टाकतो."

तेवढ्यात जवळच्या मिशाळ कामगाराचा हात मागे आला. लहानपणी आईमागे उभी राहायची तशी सारिका त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिनं मसाला चाखला.

"मीठ कमी आहे."

"बरं गं, चिमणे," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला.