फक्त आवाज

धुकं इतकं दाट होतं की मिलिंदच्या गळ्यातली दुर्बीण आणि मफलर, दोन्हींचा उपयोग सारखाच. तरी जवळपास दिसतील तेवढे पक्षी तो मोजत होता. जानेवारीतली पक्षिगणना ठरल्या रविवारी व्हायलाच हवी, मग हेंद्रेपाड्यामागच्या पाणथळीत काही दिसो न दिसो.

"शेकाट्या, चौदा. वंचक, तीन."

शिवरामकाका शेजारी उकिडवे बसून मिलिंदची वही भरत होते. हे काम दरवर्षी त्यांच्या नरेंद्रचं. जुलैतल्या पुरात नरेंद्र गेला. पाचव्या दिवशी पार खाली, शहाडजवळ सापडला. पुराच्या संध्याकाळी तो होता कुठे, हे मात्र कोणालाच सांगता येईना. सहा महिने काका भेटेल त्याला तेवढंच विचारत होते. आज पहाटे ते स्वतःहून मिलिंदच्या दारात येऊन उभे राहिले. "पोरगा यायचा ना तुझ्यासोबत. आता मी येतो," एवढंच बोलले.

धुकं जरा विरळ झालं तसे बगळे दिसायला लागले. बांधावर, गवतात, पडक्या पंपाच्या खोलीवर. पाण्यामधल्या बाभळीवर मात्र एकही नव्हता. तिच्या शेंड्याला पुरानं अडकवलेल्या चिंध्या अजून लोंबत होत्या. मिलिंदला तिकडे बघवेना.

तेवढ्यात टिटवी ओरडली. एकदाच. टिटवीचा आवाज काढावा तर नरेंद्रनं; खऱ्या टिटव्या फसायच्या. धुक्यात चुकामूक झाली की तो तसं ओरडायचा आणि मिलिंद तशीच ओ द्यायचा. दोघांची ती खूणच होती, काकांनाही ठाऊक असलेली.

"टिटवी, एक," मिलिंद म्हणाला. "फक्त आवाज."

काका लिहीनात. पावसात भिजून फुगलेली ती वही पान उलटताना मागेच कुठेतरी उघडली होती, आणि काका ते पान डोळ्यांजवळ धरून वाचत होते.

"सव्वीस जुलै. संध्याकाळी पाच ते सात, गच्चीवरून. टिटवी, एक. बाभळीकडून. फक्त आवाज." त्यांनी मान वर केली. "हे तू लिहिलंस?"

"हो काका. पावसात काही दिसत नव्हतं. गच्चीवर अडकलो होतो, वेळ जाईना म्हणून..."

"दोन तास ओरडत होती?"

"सारखी."

काका बाभळीकडे बघत राहिले. "सगळीकडे पाणीच पाणी. मग ती बसली कुठं होती?"

"झाडाव..." मिलिंद मधेच थांबला.

"टिटवी झाडावर नाय बसत, मिलिंद. शेंबडं पोरपण सांगेल. तू तर पक्षीवाला."

चारशे पक्षी आवाजावरून ओळखतो म्हणून बदलापूरभर मिरवणाऱ्या मिलिंदला हे एवढंसं सुचलं नव्हतं. त्याला रडू आलं, स्वतःची शिसारी आली, उठून पळावंसं वाटलं.

पुन्हा टिटवी ओरडली. या वेळी सारखी, थांबेचना. जमिनीवरून नाही; वरून, चिंध्या लोंबत होत्या त्या उंचीवरून. सगळे बगळे एकदम उडाले.

काकांनी वही मिटली, पेन खिशाला लावलं.

"बघतोस काय?" ते म्हणाले. "आता तरी ओ दे त्याला."