शंभराचं वजन

"चाचा, पुन्यांदा ठेवा," अफशीन म्हणाली.

किसनरावांनी चिमट्यानं शंभर ग्रॅमचं वजन उचललं आणि मशीनवर परत ठेवलं. लाल आकडे थरथरून थांबले. नव्व्याण्णव पॉइंट चार. शंभर काही होईना. तिसऱ्यांदाही तेच.

वारंगा फाट्यावर अफशीनच्या दुकानासमोर वीसपंचवीस माणसं जमली होती. दसऱ्याला दुकान उघडायचं, त्याआधी चारचौघांत काटा तपासायचा, आणि तोही किसनरावांकडूनच, हा हट्ट तिचाच. याच जागेत तिचे वडील हैदर लोकांची जुनी चांदी तोलून घ्यायचे. दहा वर्षांपूर्वी किसनरावांच्या याच वजनांच्या पेटीनं त्यांचा काटा खोटा ठरवला. गिऱ्हाईक तुटलं, दुकान बसलं, आणि तीन वर्षांपूर्वी हैदरही गेले. पोरीला बापाच्या नावाचा डाग धुवायचा होता.

"हैदरचा काटा शंभराला तीन पॉइंट मारायचा," शेजारचा हॉटेलवाला भागवत मोठ्यानं म्हणाला. "पोरीचा सहा. बाप से बेटी सवाई!"

लोक हसले. मोडीत घालायला चांदीच्या तोरड्या घेऊन आलेल्या दोन बाया पिशवी सावरत मागच्या मागं निघून गेल्या.

"मशीन कोरी हाये चाचा. सरकारी शिक्का हाये."

"शिक्का मशीनला असतो पोरी, दानतीला न्हाई," किसनराव म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. पण शब्द मागं घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. वीस वर्षांपूर्वी त्यांनी लायसन सोडलं, दुकान बंद केलं, ठेवली फक्त ही सागवानी पेटी. आत जांभळी मखमल, मखमलीत प्रत्येक वजनापुरता खड्डा. "मळ चढला तर वजन वाढतं, झिजलं तर घटतं," असं ते ज्याला त्याला शिकवत. बोटाचा घाम लागू नये म्हणून स्वतःसुद्धा चिमट्याशिवाय वजन उचलत नसत. दुकान सोडल्यापासून काटा तपासायला पेटी त्यांनी दोनदाच बाहेर काढली, एकदा हैदरसाठी आणि एकदा आज. तरी पितळ कसं आत्ताच घडवल्यासारखं लखलखत होतं. मखमलीची करामत, ते अभिमानानं सांगत. शंभराच्या वजनावरचा आकडा मात्र त्यांना आज दिसला नाही. सत्तरी उलटली, डोळे दगा देणारच. खड्ड्यावरून त्यांनी वजन बरोबर ओळखलं होतं.

पेटी बंद करताना अफशीन जवळ आली. तिचे डोळे कोरडेच होते.

"अब्बा मरेपर्यंत म्हणायचे, मी बेईमानी केली न्हाई. पर तुमच्या पेटीला त्यांनी कधी बोल लावला न्हाई. म्हणायचे, किसनची पेटी खोटी असूच शकत न्हाई. मग माझाच काटा कुठं बिघडला, तेवढं त्यांना कळंना."

किसनरावांनी पेटीची कडी लावली. हैदर आणि ते एका ताटात जेवलेले. दोस्ती एकीकडं, काटा एकीकडं, असं म्हणून त्यांनी दहा वर्षांपूर्वी छाती पुढं काढली होती. आज रात्री मात्र ते अर्ध्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी पहिल्या गाडीनं नरसीला जाऊन नामदेवांचं दर्शन घ्यायचं, हा त्यांचा नेम. दुपारी परत यावं तर घरात पाटावर पेटी मांडलेली, तिला हळदकुंकू लागलेलं, झेंडूची माळ घातलेली असायची. हत्यारांची पूजा त्यांच्या बायकोकडं, रूपाबाईंकडं असे.

ते फाट्यावर आले. अफशीन स्टुलावर चढून दुकानाची पाटी उतरवत होती. पाटीवर हिरव्या रंगात हैदरचं नाव होतं. तिनं किसनरावांना पाहिलं आणि मान फिरवली. गाडी आली, लोक चढले. किसनरावांचा पाय उचलेना. कोणत्या तोंडानं देवापुढं उभं राहायचं? खरं बोललो तरी जीव का तुटतोय, हे त्यांना कळत नव्हतं. गाडी सोडून ते घरी परतले.

परसात रूपाबाई मोरीच्या दगडाशी बसल्या होत्या. बाजूला पेटी उघडी होती आणि तिचे सगळे खड्डे रिकामे होते.

"काहून परत आले?" त्या दचकल्या, मग ओशाळून हसल्या. "आता रागावू नका. तुमी हात लावू देत न्हाई, म्हणून तुमी नरसीला गेल्यावर करते. दुकान बंद केलं तवापासून एक खंडेनवमी चुकवली न्हाई. चिंच लावायची, राख लावायची, नारळाच्या शेंडीनं घासायचं. पूजेला काळं पितळ मांडू व्हय?"

त्यांनी शंभराचं वजन पदरानं कोरडं केलं आणि नवऱ्याच्या उघड्या तळहातावर ठेवलं.

"बघा कसं चमकून राहिलं. घासून घासून आकडा बी गेला."